गॅस का थांबतो? : प्रस्तावना

कारखान्याच्या बायोगॅस प्रकल्पावर काम करणाऱ्या माणसाला एका वाक्याची कायम धास्ती असते: ‘साहेब, गॅस पडला.’ कालपर्यंत बॉयलरला गॅस जात होता, उरलेला फ्लेअरवर जळत होता, आणि आज सकाळच्या पाळीत मीटर निम्म्यावर आलेला असतो. मग धावपळ सुरू होते. पीएच बघा, चुना टाका, सोडा टाका, टँकरभर शेणकाला आणा. दुपारपर्यंत कुणीतरी ‘बॅक्टेरिया मेले’ असा निकाल देऊन टाकतं आणि नव्या कल्चरची ऑर्डर निघते.

हे पुस्तक त्या निकालाची उलटतपासणी आहे. टाकीतले जीव खरोखर मेले की नुसते थांबले? कारखान्याच्या पाण्यातल्या कोणत्या रसायनाने त्यांना थांबवलं, किती मात्रेत आणि कोणत्या रूपात? ते पुन्हा कामाला लागावेत म्हणून आपण काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही? पुढची सगळी प्रकरणं याच प्रश्नांभोवती फिरतात. त्यांचं सार आधीच सांगून टाकतो: बहुतेक वेळा हे जीव मेलेले नसतात. विषाचा झटका ते सोसतात. त्यानंतर आपण जी घाई करतो, ती त्यांना सोसत नाही.

टाकीतला गॅस मराठी माणसाला नवा नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ मध्ये सांडपाण्याच्या टाकीतून निघणारा गॅस गोळा करून वापरला गेला. भारतातल्या या तंत्राच्या इतिहासात ही नोंद अगदी आरंभी येते. पुढे अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरीत मैल्यापासून खत आणि गॅस करण्याच्या कामाला वाहून घेतलं. देहूच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आलेले मापुस्कर त्याच वाटेने गेले. संडासाला जोडलेलं बायोगॅस संयंत्र गावोगाव पोचवणाऱ्या या डॉक्टरांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. गोबरगॅस तर खेड्यातल्या दोन पिढ्यांनी पाहिला आहे. पण शेणाच्या टाकीने आपल्याला एक सवय लावली. शेणाबरोबर मिथेन करणारे जीव फुकट येतात, कारण ते गाईच्या पोटातच राहतात. शेणाची आम्लता त्यांना मानवते, त्यात लागतील तेवढी खनिजं असतात, आणि रोजचं शेण कालच्यासारखंच असतं. कारखान्याचं पाणी यातलं काहीच पाळत नाही. सोमवारी एक रसायन, गुरुवारी दुसरं, आणि महिनाअखेरीस रिअ‍ॅक्टर धुतल्यावर आलेलं तिसरंच काहीतरी.

महाराष्ट्रात या विषयाची मोठी शाळा भरली ती उसाच्या पट्ट्यात. मळीपासून अल्कोहोल काढताना एका लिटरमागे साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो. गडद तपकिरी, ऊन ऊन, चारच्या आसपास पीएच असलेला. त्याचा सीओडी, म्हणजे त्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, लिटरला ८०,००० ते १,२०,००० मिलिग्रॅम असतो. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला २५० ची मर्यादा आहे, हे शेजारी ठेवलं की प्रश्नाचा आवाका कळतो. वर्तमानपत्रात ‘मळीमिश्रित पाणी नदीत, मासे मेले’ अशी बातमी येते, तिच्यामागे हाच द्रव असतो. पण हीच घाण इंधनही आहे. एक घनमीटर स्पेंटवॉशमध्ये १०० किलो सीओडी धरला आणि त्यातला ६५ टक्के अवायवीय टाकीत, म्हणजे हवेशिवाय, काढता आला, तर किलोमागे ०.३५ घनमीटर या हिशेबाने जवळपास २३ घनमीटर मिथेन मिळतो. कार्बन डायऑक्साइड धरून तो अडतीसेक घनमीटर बायोगॅस होतो. हवा फुंकायला वीज लागत नाही, गाळही थोडाच तयार होतो. म्हणूनच १९८० च्या दशकापासून डिस्टिलऱ्यांनी हे तंत्र उचललं. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, पुण्याची आघारकर संशोधन संस्था आणि नागपूरची नीरी या संस्थांनी या विषयावर वर्षानुवर्षं काम केलं. आज स्पेंटवॉश आणि प्रेसमडपासून सीबीजी, म्हणजे दाबलेला बायोगॅस, करण्याची भाषा चालू आहे. केंद्राची ‘सतत’ योजना २०१८ मध्ये त्यासाठीच आली.

मी हे लिहितो आहे भोपाळच्या अयोध्या नगरातून. इथे ऊस नाही, डिस्टिलरीचा वास नाही. शेजारी गोविंदपुरा औद्योगिक क्षेत्र आहे. १९६० मध्ये नेहरूंच्या हस्ते सुरू झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या, म्हणजे आजच्या भेलच्या, कारखान्याभोवती ते वाढलं. भेलने देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं आणली, त्यात मराठी घरंही आली. अशा वसाहतीतलं पाणी अभियांत्रिकी कारखान्यांचं असतं: कटिंग ऑइल, ग्रीस काढणारी द्रावकं, गंज काढायचं आम्ल, मुलामा देण्याच्या टाक्यांमधलं जस्त-निकेल-क्रोमियम. शहराच्या दक्षिणेला मंडीदीप आहे, तिथे औषधांपासून डिटर्जंटपर्यंत सगळं बनतं. रायसेन जिल्ह्यातल्या ज्या झिरी गावाजवळ बेतवा उगम पावते, तेही तिथून फार लांब नाही. इकडे भोपाळचा पातरा नाला हलालीला मिळतो, हलाली बेतवेला आणि बेतवा हमीरपूरपाशी यमुनेला. म्हणजे या शहराच्या दोन्ही अंगांचं पाणी शेवटी एकाच नदीला जातं. उसाच्या पट्ट्यातला माणूस एकाच प्रकारच्या पाण्याशी वर्षभर झुंजतो. इथे, किंवा तारापूर, लोटे परशुराम, कुरकुंभ अशा ठिकाणी, दहा प्रकारची पाणी एका चेंबरमध्ये येतात. विषारीपणाचा प्रश्न तिथे खरा गुंतागुंतीचा होतो.

आणि भोपाळात बसून रसायन आणि पाणी यांविषयी लिहायचं तर १९८४ टाळता येत नाही. त्या डिसेंबरात वाऱ्याने जे नेलं ते जगाला माहीत आहे. जमिनीने आणि पाण्याने जे ठेवून घेतलं त्याची चर्चा मागाहून सुरू झाली. युनियन कार्बाइडचं सांडपाणी कारखान्याच्या उत्तरेला बांधलेल्या बाष्पीभवन तलावांत सोडलं जाई, उन्हाने ते आटेल या भरवशावर. पुढच्या तपासण्यांत परिसरातल्या भूजलात क्लोरीनयुक्त द्रावकं सापडली, त्यात क्लोरोफॉर्म होता. मिथाइल आयसोसायनेट बनवताना हाच क्लोरोफॉर्म द्रावक म्हणून वापरत. कारखान्यात पडून राहिलेला घातक कचरा पिथमपूरला हलवून जाळायला २०२५ साल उजाडावं लागलं. या पुस्तकाच्या विषयाशी त्याचा संबंध नेमका असा: मिथेन करणाऱ्या जीवांना थांबवणाऱ्या पदार्थांची यादी केली तर क्लोरोफॉर्म अगदी वर येतो. सवय नसलेल्या टाकीत लिटरला एक मिलिग्रॅमच्या आतबाहेर तो असला, तरी गॅस थांबू शकतो. माणसाच्या नाकाला इतका क्लोरोफॉर्म जाणवणारसुद्धा नाही.

एवढ्याशा मात्रेने टाकी का थांबते, हे समजायचं तर टाकीत कोण काय करतं ते पाहायला हवं. काम चार पायऱ्यांनी होतं. पहिल्या पायरीत पिष्ट, प्रथिनं, मेद यांचे मोठे रेणू तुटतात. दुसरीत त्यांची आम्लं होतात: अ‍ॅसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक. तिसरीत प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिकचं रूपांतर अ‍ॅसिटिक आम्लात आणि हायड्रोजनमध्ये होतं. चौथ्या पायरीत मिथेन तयार होतो, ढोबळ मानाने सत्तर टक्के अ‍ॅसिटिक आम्लापासून आणि बाकीचा हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइडपासून. पहिल्या दोन पायऱ्यांवरचे जीव दणकट आणि पोटभर खाणारे. काही तासांत दुप्पट होतात. चौथ्या पायरीवर अ‍ॅसिटिक आम्ल खाणाऱ्या मिथॅनोसीटाला दुप्पट व्हायला चार ते नऊ दिवस लागतात. कारण साधं आहे. एक मोल ग्लुकोज हवेत जाळला तर जवळपास २,८७० किलोज्यूल ऊर्जा सुटते. एक मोल अ‍ॅसिटेटचा मिथेन केला तर अवघी ३१. इतक्या तुटपुंज्या मिळकतीवर संसार करणाऱ्याला आजारपण परवडत नाही. विष काढून टाकायला, तुटलेलं दुरुस्त करायला ऊर्जा लागते, आणि तीच यांच्याकडे नसते.

आपण सवयीने ‘मिथेन बॅक्टेरिया’ म्हणतो आणि या पुस्तकातही ठिकठिकाणी तसंच म्हटलं आहे. पण कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये दाखवून दिलं की हे जीव बॅक्टेरियांपासून वेगळ्या घराण्यातले आहेत. त्या घराण्याला आज आर्किया म्हणतात. प्लांटवर याचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. उपयोग आहे. पेनिसिलीनच्या जातीची प्रतिजैविकं बॅक्टेरियाच्या पेशीभित्तीवर हल्ला करतात. मिथेन करणाऱ्यांच्या अंगावर ती भिंतच नसते. म्हणून औषध कारखान्याच्या पाण्यात असं प्रतिजैविक आलं आणि गॅस पडला, तर मार बहुधा आधीच्या पायऱ्यांवरच्या मंडळींना बसलेला असतो. मिथेनवाले शेवटी उपाशी बसतात. लक्षण एकच, कारण वेगळं, म्हणून उपायही वेगळा.

पायऱ्यांवरचे हे जीव एकमेकांवर किती अवलंबून असतात त्याची एक जुनी गोष्ट आहे. मिथॅनोबॅसिलस ओमेलियान्स्कीआय नावाचा जीव अल्कोहोलपासून मिथेन करतो, असं बरीच वर्षं पाठ्यपुस्तकांत होतं. १९६७ मध्ये मार्विन ब्रायंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जीव एक नसून दोन आहेत हे सिद्ध केलं. एक अल्कोहोलपासून हायड्रोजन काढतो, दुसरा तो हायड्रोजन खाऊन मिथेन करतो. अल्कोहोलवर एकाला दुसऱ्याशिवाय नीट जगता येत नाही. टाकीतल्या तिसऱ्या पायरीचं गणित हेच आहे. हायड्रोजन दहा हजारांश वातावरणदाबाच्या खाली राहिला तरच प्रोपिऑनिक आम्ल पुढे सरकतं. तो उचलणारे मिथेनवाले मंदावले, की प्रोपिऑनिक साचतं, पीएच उतरतो, मिथेनवाले आणखी मंदावतात, आणि दणकट आम्लवाले मात्र मजेत आम्ल करत राहतात. टाकी आंबते ती अशी. विषाने सुरुवात केली असेल, पण टाकी बुडवतं ते हे आम्ल. जो फीड आपण चालूच ठेवतो, त्याचंच.

पुस्तकाचा मधला भाग एकेका रसायनगटाला दिला आहे. त्याची ओळख इथे थोडक्यात करून देतो, कारण ‘अमुक पदार्थ विषारी’ अशी यादी पाठ करणाऱ्याला हा विषय कधीच हाती लागत नाही.

पहिला गट गंधकाचा. साखर स्वच्छ करताना गंधकाचा धूर वापरतात, आंबवणीत गंधकाम्ल वापरतात. ते सगळं सल्फेट होऊन स्पेंटवॉशमध्ये उतरतं. सल्फेट स्वतः फारसं त्रास देत नाही. पण टाकीत सल्फेटवर जगणारे दुसरे बॅक्टेरिया असतात. तेही अ‍ॅसिटिक आम्ल आणि हायड्रोजनच खातात आणि मिथेनऐवजी हायड्रोजन सल्फाइड सोडतात. म्हणजे नुकसान दुहेरी: एका ग्रॅम सल्फेटमागे ०.६७ ग्रॅम सीओडी त्यांच्या ताटात जातो, शिवाय सल्फाइडचं विष पाण्यात उतरतं. हे विष पेशीच्या पडद्यातून आत जातं ते फक्त हायड्रोजन सल्फाइड या अखंड रूपात. पीएच ७ ला पाण्यातलं निम्मं सल्फाइड या रूपात असतं, पीएच ८ ला जेमतेम दहावा हिस्सा.

दुसरा गट अमोनियाचा: कत्तलखाने, खत कारखाने, प्रथिनांचं पाणी. इथेही आत शिरतो तो मुक्त अमोनिया. पण त्याची चाल उलटी आहे. ३५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी एक टक्का मुक्त असतो, पीएच ८ ला दहा टक्के. आता ऑपरेटरची अडचण पाहा. पीएच वाढवला की सल्फाइडचा जाच कमी होतो आणि अमोनियाचा वाढतो. दोन्ही असलेल्या पाण्यात ‘थोडा सोडा टाकून बघू’ हा उपाय म्हणजे आगीतून फुफाट्यात. आधी लॅबमधून दोन्हींचे आकडे आणायचे, मग सोड्याच्या पोत्याला हात लावायचा.

तिसरा गट क्षारांचा. पेरी मॅककार्टी यांनी १९६४ मध्ये दिलेले आकडे अजून प्रत्येक टेबलावर सापडतात: सोडियम लिटरला ३,५०० ते ५,५०० मिलिग्रॅम असेल तर मध्यम त्रास, ८,००० ला तीव्र, पोटॅशियम २,५०० पासून त्रासदायक, १२,००० ला तीव्र. आकडे बरोबर आहेत, पण ते आंधळेपणाने वापरले तर फसगत होते. मळीच्या स्पेंटवॉशमधलं पोटॅशियम १०,००० च्या घरात जातं. तक्त्याप्रमाणे डिस्टिलरीचे डायजेस्टर कण्हत कुंथत चालायला हवेत. प्रत्यक्षात ते वर्षानुवर्षं गॅस देतात, कारण तिथले जीव त्या क्षारात मुरलेले असतात, आणि एका क्षाराचा जाच दुसरा क्षार काही अंशी कमी करतो. तेच पाणी शेणावर चालणाऱ्या टाकीत एकदम ओतलं तर टाकी बसेल.

चौथा गट जड धातूंचा, गोविंदपुऱ्यासारख्या वसाहतीला सगळ्यात जवळचा. तांबं, जस्त, क्रोमियम, निकेल हे विरघळलेल्या आयनांच्या रूपात घातक. पण टाकीत सल्फाइड असेल तर यातले बहुतेक त्याच्याशी संयोग पावून गाळात बसतात. दोन विषं एकमेकांना काटतात. कानपूरच्या जाजमऊला १९९४ मध्ये सुरू झालेल्या ३६ एमएलडीच्या (दिवसाला ३६ दशलक्ष लिटर) यूएएसबी प्रकल्पात (या रचनेची ओळख पुढे येते) चामड्याच्या कारखान्यांचं नऊ एमएलडी पाणी शहराच्या सत्तावीस एमएलडी मैलापाण्यात मिसळायची योजना होती. एक भाग विषाला तीन भाग अन्न असा तो हिशेब. क्रोमियम गाळात उतरतं खरं, पण मग तो गाळ शेतात टाकायच्या कामाचा राहत नाही. पाण्यातलं विष गाळात गेलं, म्हणजे नाहीसं झालं नाही. आणखी एक गंमत: मिथेन तयार करणाऱ्या शेवटच्या एन्झाइमच्या गाभ्यात निकेलच असतं. कोबाल्ट आणि लोहही लागतं. काही कारखान्यांच्या पाण्यात ही खनिजं इतकी कमी असतात की गॅस विषाने पडत नाही, उपासमारीने पडतो. चिमूटभर निकेल-कोबाल्ट दिलं की टाकी उठते. एकच धातू एका टाकीला औषध, दुसरीला विष.

पाचवा गट सेंद्रिय रसायनांचा आणि तो सर्वांत मोठा: फिनॉल, क्लोरोफिनॉल, फॉर्मल्डिहाइड, नायट्रो संयुगं, डिटर्जंट, तेलातली लांब साखळीची मेदाम्लं, सायनाइड, क्लोरोफॉर्म. यांतली काही पहिल्या दिवशी विष आणि काही महिन्यांनी अन्न ठरतात. फिनॉल हे ठळक उदाहरण. मुरलेला गाळ फिनॉलचाही मिथेन करतो. काही क्लोरीनयुक्त संयुगांतला क्लोरीन काढून टाकणारे जीवही अशाच हवेविना जागेत सापडतात. मिथेन करणाऱ्या शेवटच्या पायरीची दुर्बळता जगात दुसरीकडे मुद्दाम वापरली जाते आहे: दुभत्या गाईंच्या पोटातला मिथेन कमी करण्यासाठी त्याच निकेलवाल्या एन्झाइमला अडवणारं एक खाद्यपूरक २०२२ मध्ये युरोपीय संघाने मंजूर केलं. हवामानाच्या चिंतेपोटी तिथे जे घडावं म्हणून खटपट चालते, ते आपल्या टाकीत घडू नये म्हणून आपली खटपट.

रिचर्ड स्पीस यांनी औद्योगिक सांडपाण्याच्या अवायवीय प्रक्रियेवर आयुष्यभर काम केलं. विषाचा झटका दिलेले मिथेनजीव विष निघून गेल्यावर पुष्कळदा पुन्हा उभे राहतात, काही तासांनी, काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी, हे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वारंवार दाखवलं. अट एवढीच की तोपर्यंत ते टाकीतून वाहून जाता कामा नयेत. म्हणजे विषारीपणाचा प्रश्न अर्धा रसायनशास्त्राचा आणि अर्धा टाकीच्या रचनेचा आहे. हॉलंडमधल्या वाखेनिंगेनच्या खात्झे लेटिंगा यांनी १९७० च्या दशकात यूएएसबी रिअ‍ॅक्टर पुढे आणला, त्याचं मोठेपण इथेच. त्यात जीव एकत्र येऊन वाटाण्याएवढे किंवा त्याहून लहान दाणे करतात, दाणे तळाशी बसतात, पाणी वरून निघून जातं. पाणी काही तास राहतं, जीव महिनोन्‌महिने राहतात. शिवाय दाण्याच्या पोटातल्या जीवांपर्यंत विष सौम्य होऊन पोचतं.

एखाद्या पाण्याची परीक्षा कशी घ्यायची, हे एका स्वतंत्र प्रकरणात सविस्तर दिलं आहे, कारण ती जमली की निम्मी भांडणं मिटतात. ओवेन, मॅककार्टी आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडलेली पद्धत साधी आहे. इंजेक्शनच्या औषधासारखी रबरी बुचाची काचेची बाटली घ्यायची. नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड फुंकून आतली हवा घालवायची. चालत्या टाकीतला गाळ घालायचा, मोजून अ‍ॅसिटेट आणि प्रोपिऑनेट द्यायचं, आणि प्रत्येक बाटलीत संशयित पाणी वाढत्या प्रमाणात: एकीत अजिबात नाही (ती कोरी बाटली), मग दोन टक्के, पाच, दहा, वीस. बाटल्या ३५ अंशांवर ठेवायच्या. रोज काचेच्या सिरिंजची सुई बुचातून आत खुपसायची. आतला दाब सिरिंजचा दट्ट्या हळूहळू मागे सारतो, तो थांबला की आकडा वाचायचा. बस्स. आठवड्याभरात आलेखाच्या रेषा बोलू लागतात. पहिल्या दिवसापासून आडवी पडलेली रेषा सांगते की मात्रा फारच जास्त झाली. तिरपी पण मंद रेषा म्हणजे अर्धवट अडथळा. आणि पाच-सहा दिवस आडवी राहून मग कोऱ्या बाटलीच्या बरोबरीने चढणारी रेषा सगळ्यात महत्त्वाची, कारण ती जुळवून घेतल्याची खूण असते. दुसऱ्याच दिवशी निकाल मागणाऱ्या व्यवस्थापकाला ही रेषा कधीच दिसत नाही. लॅबमध्ये फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक असेल तर आणखी एक पाहता येतं. मिथेनजीवांमध्ये एफ-४२० नावाचं सहएन्झाइम असतं. ४२० नॅनोमीटरच्या प्रकाशात ते निळसर हिरवं चमकतं. ‘बॅक्टेरिया मेले’ म्हणणाऱ्याला हा नमुना दाखवावा. पुष्कळदा सगळं क्षेत्र चमकत असतं आणि गॅस मात्र शून्य असतो.

आता प्लांटवरच्या सल्ल्याकडे. गॅस पडला की पहिली गोष्ट फीड बंद करणे किंवा निदान अर्ध्यावर आणणे. दुसरी, कारखान्यात काल आणि परवा काय धुतलं, कुठली बॅच बदलली, हे विचारणे. तिसरी, उडणारी आम्लं आणि क्षारता मोजून त्यांचं गुणोत्तर काढणे, ते ०.३ च्या बरंच वर गेलं असेल तर पीएच उतरायची वाट पाहू नये, कारण पीएच सगळ्यात शेवटी बोलतो. शेणकाला हा नंतरचा उपाय. विष अजून टाकीत असताना नवीन जीव घातले तर तेही थांबतात, आणि शेणातल्या वाळू-काडीकचऱ्याने टाकीची जागा तेवढी भरते. ज्या कारखान्यात ही शिस्त नसते, तिथे प्रत्येक बिघाडानंतर कल्चरचं बिल येतं आणि दोष जीवांवर जातो.

खरं तर दोष बहुधा भिंतीपलीकडे असतो. उत्पादन विभागाने टाकी रिकामी करायची, ईटीपीवाल्याने, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रावरच्या माणसाने, ती निस्तरायची, आणि दोघांत निरोपाची पद्धतच नाही, असं चित्र मी कितीतरी ठिकाणी पाहिलं. सांडपाण्याचा समतोल राखणारी टाकी मोठी ठेवणं, विषारी धार वेगळी काढून थेंबाथेंबाने सोडणं, बॅच बदलायच्या आदल्या दिवशी ईटीपीला कळवणं, या तीन गोष्टींनी जेवढे डायजेस्टर वाचतील तेवढे कुठल्याही पावडरीने वाचणार नाहीत. जीवांना सवय लावता येते. पण सवय लागायला तोच पदार्थ, थोडा थोडा, सतत यावा लागतो. महिन्यातून एकदा येणाऱ्या झटक्याची सवय कुणालाच लागत नाही. इंदूरमध्ये २०२२ मध्ये रोजच्या ५५० टन ओल्या कचऱ्यासाठी सुरू झालेला बायो-सीएनजी प्रकल्प पाहायला लोक दुरून येतात. पाहण्यासारखं तिथलं यंत्र आहेच, पण त्याहून महत्त्वाचं आहे घराघरात होणारं वर्गीकरण. टाकीचं आरोग्य टाकीच्या बाहेर ठरतं, हे तिथल्या गृहिणीला कळलं आहे. कारखान्याच्या शिफ्ट इनचार्जला अजून कळायचं आहे.

हे पुस्तक तीन वाचकांसाठी आहे. ईटीपीवर काम करणारा डिप्लोमाधारक, ज्याच्या हातात इंग्रजी मॅन्युअल आहे पण मराठीत समजावणारं कुणी नाही. पर्यावरण अभियांत्रिकीचा किंवा सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी. आणि तिसरा, कारखान्याचा व्यवस्थापक किंवा साखर कारखान्याचा संचालक, ज्याच्या सहीने पैसा खर्च होतो. पहिल्याने प्रकरणं क्रमाने वाचावीत. विद्यार्थ्याने चाचण्यांच्या प्रकरणापासून सुरुवात करून मागे यावं. व्यवस्थापकाला वेळ नसेल तर त्याने समतोल टाकीवरचं आणि बॅचच्या नोंदवहीवरचं अशी दोनच प्रकरणं वाचावीत. पण वाचल्यावर उत्पादन विभाग आणि ईटीपी यांची रोजची दहा मिनिटांची बैठक सुरू करावी. परिभाषेबाबत हट्ट धरलेला नाही; स्लज, फीड, लोड हे शब्द प्लांटवर जसे बोलतात तसेच ठेवले आहेत. आकडे दिले आहेत ते दिशा कळावी म्हणून. आपल्या टाकीचे आकडे आपल्या बाटलीतूनच काढायचे असतात. ती चाचणी एकदा स्वतःच्या हाताने करून पाहिलेल्या ऑपरेटरला पुढच्या वेळी ‘बॅक्टेरिया मेले’ हे वाक्य इतक्या सहज उच्चारता येणार नाही. तेवढं झालं तरी या खटाटोपाचं चीज झालं असं मी समजेन.

अयोध्या नगर, भोपाळ